मुलीच्या मेंदूचं बांधकाम

३ जून
काल मावसभाऊ सहकुटुंब आला, तर मुलगी खोलीबाहेर आली नाही. वय चौदा. लेख वाचला. या वयात मेंदूतला भीतीचा भाग जोरात चालू असतो आणि त्याला आवरणाऱ्या पुढच्या भागाचं बांधकाम पार पंचविशीपर्यंत चालू. म्हणून पोरं चारचौघांत बुजतात. मी सेहेचाळीसचा. माझं बांधकाम केव्हाच पूर्ण. ठरलं, महिन्याभरात तिला धीट करायचं.
बायको म्हणाली, पाहुणे होते तेव्हा तूही दीड तास गॅलरीतच होतास. झाडांना पाणी घालत होतो. कुंड्या दोन आहेत, पण खोल आहेत.

५ जून
पहिला धडा : अनोळखी माणसाला फोन. प्लंबरला मीच लावून दाखवला. त्यानं उचलला. मी कापला. रेंज नव्हती.
दुपारी तिनं लावला. अडखळली, कान लाल झाले, पण तो उद्या येतोय. माझी पद्धत लागू पडतेय.

९ जून
दुसरा धडा : लिफ्टमधल्या गप्पा. आत वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. पायात चपला होत्या. लिफ्ट मुलीला घेऊन गेली. मी जिन्यानं. व्यायाम मेंदूला चांगला.
मुलगी म्हणाली, बाई विचारत होत्या, बाबांच्या पायाला काय झालंय.

१४ जून, संध्याकाळ
उद्या साहेबांचा निरोप समारंभ. बावीस वर्षं त्यांच्या शेजारचं टेबल, म्हणून भाषण माझ्याकडे. तीन पानं लिहिली. आरशासमोर झकास जमलं. फक्त आरशातला माणूस फार टक लावून बघत होता.
मुलीला नेणार. पूर्ण वाढलेला मेंदू कसा चालतो, बघू दे.

१५ जून
नाव पुकारलं तेव्हा मी स्टेशनरीच्या खोलीत. पानं हातात धरून खोक्यावर बसलो होतो. मुलीनं शोधून काढलं. शेजारच्या खोक्यावर बसली.
"बाबा, तुलाही होतं असं?"
मी म्हणालो, इथे हवा कोंदट आहे.
तिनं माझ्या हातातली पानं घेतली आणि बाहेर जाऊन वाचली. पहिलं पानभर आवाज थरथरत होता. तिसऱ्या पानावर साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले म्हणे. टाळ्या मी दाराच्या फटीतून ऐकल्या.

१६ जून, सकाळ
तिच्या कालच्या प्रश्नाला फक्त 'हो' सांगायचं होतं. मुद्दे काढले. तिच्या खोलीबाहेर वीस मिनिटं उभा.
शेवटी तीच आतून म्हणाली, "बाबा, दार उघडंच आहे."
आत गेलो. पंखा फार आवाज करतोय, म्हणालो.