माझ्या चेहऱ्याची आणि आवाजाची वाटणी

मी, कुंडलिक राघो गमरे, वय एकोणऐंशी, कोलशेतच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर, राहणार कोपरी, ठाणे पूर्व, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले आहे. कोणाचा दबाव नाही. राग आहे, पण रागाला कायद्याची हरकत नाही असे वकील म्हणाले.

१. माझा नातू देवेश, वय सव्वीस. त्याचे आईबाप लवकर गेले. मी आणि माझी बायको रमाबाई, आता हयात नाही, आम्हीच त्याला वाढवले. सहा वर्षांपूर्वी त्याने मला मोबाइलसमोर बसवले. इंटरनेटवरच्या चमत्कारिक गोष्टी तो मला दाखवायचा आणि मी काय बोलतो ते त्याच्या चॅनलवर टाकायचा. बटाट्यांवर व्हिडिओगेम चालवणारा गोरा, मांजराला अंतराळवीराचा पोशाख शिवणारी बाई, टाइपरायटर बडवून गाणी वाजवणारी टोळी. मी म्हणायचो, "ह्याला कामधंदा नाय काय?" आणि लोक हसून लोळायचे. मलाही मजा यायची, खोटे कशाला लिहू. ते वाक्य छापलेले कप माळ्यावर पडून आहेत. ते सगळे देवेशला द्यावेत. त्याला माझ्याकडून दुसरे काही नाही.

२. कारण असे. गेल्या जुलैत मी अकरा दिवस दवाखान्यात होतो, घशात नळी. त्याच अकरा दिवसांत चॅनलवर माझे तीन नवे व्हिडिओ आले. चेहरा माझा, आवाज माझा, दोन्ही कॉम्प्युटरने बनवलेले. खाली लोकांनी लिहिले, "आबा फॉर्मात." माझी मुलगी मेघना डोंबिवलीला असते. बातमी फुटेल म्हणून देवेशने तिला आजाराचे कळवलेच नाही. तिने व्हिडिओ पाहिले, बाबा खुशाल आहेत असे समजली आणि आली नाही. मी दाराकडे बघत पडून होतो आणि मनातल्या मनात पोरीला नको नको ते बोललो. ते मला आता परत घेता येत नाही.

३. घरी आल्यावर देवेशला जाब विचारला. म्हणाला, "आबा, गॅप पडला ना की चॅनल मरतं." नळीमुळे माझा आवाज कायमचा बसला. या बसलेल्या आवाजातला व्हिडिओ टाकला, तर लोकांनी तोच खोटा ठरवला. त्यावर हा म्हणतो, "तुम्ही नुसते बसा, आवाज मी लावतो."

४. कोपरीची खोली मेघनाला. माझी हत्यारपेटी तिच्या मुलीला, रचनाला. ती टेबलाचे पाय स्वतः कसते. मी गेल्यावर पुण्यानुमोदनाचा विधी होईल, त्या दिवशी देवेशने खोलीतले आपले सामान उचलावे. जेवून जायला हरकत नाही.

५. माझा चेहरा व आवाज वापरण्याचा हक्क मी सोसायटीचे सेक्रेटरी तानाजी भोईर यांना देतो. पाण्याच्या टाकीवरून आमचे बावीस वर्षे वैर आहे, म्हणूनच त्यांना देतो. विचारायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "गमरे, तुझं थोबाड मला फुकट पन नको. पन तुझा नातू दारात हात जोडून उभा राहनार असंल, तं दे." ही तरतूद कोर्टात टिकेलच असे नाही, असे वकिलांचे मत. टिकेल तितकी टिको.

६. शेवटच्या वेळी त्रिशरण-पंचशील घ्यावे. सर्वांचे फोन दाराबाहेर ठेवावेत.

७. मी गेल्यावर एक व्हिडिओ निघेल. त्यात मी देवेशला जवळ घेईन आणि म्हणेन, बाळा, तुला माफ केले. आवाज स्वच्छ असेल, डोळ्यांत पाणीही असेल. मेघना, तू तो पाहून रडशील आणि त्याला खोलीत राहू देशील, म्हणून आजच लिहितो. तो माणूस मी नव्हे. मी त्याला माफ केलेले नाही.

मोठ्याने वाचणे मला जमत नाही, म्हणून साक्षीदारांनी हे वाचून दाखवले. मी प्रत्येक कलमावर मान हलवली.

सही: कुंडलिक राघो गमरे
साक्षीदार: १) डॉ. उत्तरा म्हसकर २) रतन पवार, तळमजला
ठिकाण: ठाणे. दिनांक: २४ नोव्हेंबर २०२५