दवाखान्याच्या भिंतीवरची डबी

३ ऑक्टोबर, गुरुवार
दवाखान्याची काच पुन्हा फोडली. महिन्यात दुसऱ्यांदा. रिसेप्शनवरची मॉरीन झाडू घेऊन उभी, आणि पायरीवर बसणारी ती पाच-सहा पोरं पांगलेली. त्यांना फोडताना कोणी पाहिलं नाही, तरी सगळ्यांना म्हणे ठाऊक आहे. मलाही राग आला, खूप आला. अठरा वर्षं इंग्लंडच्या समुद्राकाठच्या या टोकाच्या गावात डॉक्टरकी करतेय. यातल्या दोघांना तर तान्हेपणी मीच लशी टोचल्यात.

८ ऑक्टोबर, मंगळवार
कौन्सिलचा माणूस आला होता. आडगावातल्या पोरांची गुन्हेगारी आटोक्यात आणायला सरकारकडून पैसा आलाय. त्यातून चौकात दोन कॅमेरे, आणि आमच्या भिंतीवर एक डबी. तिच्यातून बारीक, टोचणारा आवाज येत राहतो. तो फक्त लहानांना आणि तरुणांना ऐकू येतो, पंचविशीच्या पुढे नाही. "यू वोन्ट हिअर अ थिंग, डॉक्टर."
विचारणार होते — यूथ क्लब बंद पडलाय, शेवटची बस सहाची, मग ही पोरं जाणार कुठे? विचारलं नाही. सही केली.
जेवताना नवऱ्याला सांगितलं. शशी म्हणाला, "सुप्रभा, सुक्याबरोबर ओलंही जळतंच. आपण बरं, आपलं काम बरं." त्याचं हे वाक्य आम्ही भारतातून येताना सामानातच आणलं होतं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार
डबी लागली. संध्याकाळी पायऱ्या रिकाम्या! मॉरीन खूश. मी मुद्दाम खाली जाऊन उभी राहिले. काही नाही — वारा आणि सीगल.

२४ ऑक्टोबर, गुरुवार
आमचा आर्यन शाळेतून दवाखान्यात येईनासा झालाय. इतकी वर्षं वेटिंग रूमच्या कोपऱ्यात बसायचा, डब्यातला पोळीचा रोल खायचा, होमवर्क करायचा, मग माझ्याबरोबर गाडीतून घरी. आता म्हणतो, "मी चालत जाईन." दोन मैल, समुद्राच्या रस्त्याने, या वाऱ्यात. वेम्बलीहून लीलावतीवन्सं फोनवर म्हणाल्या, "अगं, पंधरा वर्षांचा झाला. मिशी फुटली की आईची लाज वाटते." असेल. रोल मात्र मी सवयीने करून नेते आणि स्वतःच खाते.

५ नोव्हेंबर, मंगळवार
एक आई तीन महिन्यांच्या मुलीला घेऊन आली. बाळ दारात आलं की किंचाळतं, गाडीत नेलं की गप्प. "ओन्ली एव्हर हिअर, डॉक्टर." फक्त इथेच, म्हणे. मी कान तपासले, घसा पाहिला, पोट चाचपलं. मग एकदम लक्षात आलं — भिंतीवरची ती डबी.
घरी आर्यन बुटांच्या लेस सोडत होता. त्याला डबीचं विचारलं.
"आई, तू खरंच नाही ऐकू येत?" त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला. "माझा दात दुखतात त्यानी."
"मग बोलला का नाहीस?"
"मला वाटलं, यू नो. आमच्यासाठीच लावलाय ना ते?"
आमच्यासाठी! मी 'ती पोरं, ती पोरं' करत राहिले, आणि माझा मुलगा स्वतःला त्यांच्यातच धरतो. धरणारच, त्याच्याच वर्गातली आहेत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोर कोण तेही कोणाला माहीत नाही.
त्याला म्हटलं, मी ती बंद करायला लावते.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
कौन्सिलची सभा. बोलायलाच गेले होते. पण आधी त्यांनी तक्रारी निम्म्यावर आल्याचं वाचून दाखवलं, आणि मग 'अवर डॉक्टर' म्हणून माझ्यासाठी टाळ्या. या गावाने माझ्यासाठी कधी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. मी उठले, थँक यू म्हणाले, बसले.
आर्यनला टाळ्यांचं कळलं होतं. त्याने जेवण अर्धं टाकलं. मला स्वतःची लाज वाटते आहे.

७ डिसेंबर, शनिवार
वादळ. गावभर अंधार. दवाखान्याची काही कौलं उडाली म्हणे.

९ जानेवारी, गुरुवार
तेच बाळ आज खोकल्यासाठी आलं. दारातून आत येईपर्यंत गाढ झोपलेलं. मी म्हटलं, सवय झाली असेल.
आणि ते वाक्य दिवसभर सोडेना. एवढ्याशा जिवाला याची सवय व्हावी? आर्यनलाही झाली असेल, तरी तो अजून चालतच घरी जातो. संध्याकाळी कौन्सिलला कळवलं — डबी काढा, नाहीतर मी शिडी लावून स्वतः काढीन. शशी म्हणाला, "लोक काय म्हणतील?" म्हणू देत.

१६ जानेवारी, गुरुवार
इलेक्ट्रिशियन वर चढला आणि हसत उतरला. डबी वादळापासूनच बंद होती, वायर तुटलेली. आम्हा मोठ्यांना कळणार तरी कसं? पायऱ्या तर रिकाम्याच होत्या.
आर्यनला सांगितलं. "माहितीये," म्हणाला. "सगळ्यांना माहितीये."
"मग येत का नव्हतास?"
"ते वाऱ्यानी बंद केला, आई. तू नाही."