तुला चालत नाही

वन्सं,

हे पत्र तुम्हाला देणार नाहीये, म्हणून मनातलं लिहिते. माझ्या मधुमेहाची जेवढी काळजी तुम्हाला, तेवढी मलाही नाही. कुठल्याही समारंभात मी गोडाला हात लावला, की हॉलच्या दुसऱ्या टोकावरून तुम्ही ओरडायचात, "अगं, तुला चालत नाही!" सगळ्यांच्या माना वळायच्या. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कुठे जायचाच कंटाळा आला होता.

काल तुमच्या लेकीच्या वाढदिवसाला तुम्हीच माझ्या हातात केकचा मोठा तुकडा ठेवलात. "घे, तुला आवडतो ना!" लेकीने मान खाली घातली. आई हल्ली विसरते, असं ती म्हणाली होती. मला पटलं नव्हतं.

घास तोंडाशी नेला आणि तुमच्याकडे बघत थांबले. तुम्ही नुसत्या हसत होतात. वन्सं, ओरडा ना हो.

तुमची गोडखाऊ
भावजय