मिचकूचे हसणे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, व्यवसाय कार्टूनला आवाज देणे, राहणार तिसऱ्या मजल्यावरचा डावीकडचा फ्लॅट, आज पूर्ण शुद्धीत हा लेख लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गळा शाबूत नाही, पण मृत्युपत्राला गळा लागत नाही असे वकीलबाई म्हणाल्या. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला घरात दुसरे माणूसच नाही. मी लग्न केले नाही, मला मूल नाही. जवळची म्हणाल तर एक धाकटी बहीण आणि तिची मुलगी, म्हणजे माझी भाची. बहीण माझ्याशी अकरा वर्षे बोललेली नव्हती, आणि त्यात चूक माझी होती. हे वाक्य खोडा असे वकीलबाई म्हणाल्या होत्या. मी ठेवले आहे.

याआधी मी एक मृत्युपत्र केले होते, तेही रागाच्या भरात, आणि त्यात बहिणीचा उल्लेख मुद्दाम टाळला होता. ते आजपासून रद्द समजावे. त्याची प्रत कोणाला सापडली तर फाडून टाकावी, वाचत बसू नये.

हा सगळा लेख खरे तर सातव्या कलमासाठी लिहिला आहे. घाई असेल त्यांनी मधली कलमे गाळली तरी माझी हरकत नाही.

कलम १. राहता फ्लॅट माझ्या पश्चात भाचीला मिळावा. तिने तो विकावा, भाड्याने द्यावा की त्यात राहावे हे तिचे तिने ठरवावे. राहणार असेल तर एवढेच, की बाल्कनीचे दार अडले की खालून लाथ घालावी, वरून ढकलू नये. मी तीस वर्षे वरून ढकलत होते.

कलम २. बँकेतली ठेव भाचीचीच. किती आहे ते बँक सांगेल.

कलम ३. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांना माझी जाड गोधडी द्यावी. यांनी सोसायटीकडे तीनदा लेखी तक्रार केली होती की वरच्या बाई चोरून मांजर पाळतात आणि तिला उपाशी ठेवतात. मांजर नव्हती. मी मिचकूला भूक लागल्याचा सराव करत होते. तेव्हापासून मी सराव डोक्यावर गोधडी घेऊन केला, ऐन उन्हाळ्यातसुद्धा. आता ती त्यांनी अंगावर घ्यावी आणि माझी आठवण काढावी. माझा राग गेलेला आहे, पण गोधडी द्यावीच.

कलम ४. मिचकू म्हणजे काय हे न्यायाधीशांना ठाऊक नसेल तर सांगते. ज्या मालिकेत मुले रानावनातून हिंडून नाना तऱ्हेचे अजब प्राणी पितळी डबीत गोळा करतात, त्या मालिकेतला हा दंतकथेतला प्राणी. हातभर लांब, कान पारदर्शक, शेपटी अंगापेक्षा मोठी. शोधायला गेले की सापडत नाही, आणि शोधणे सोडले की खांद्यावर येऊन बसतो. त्याला कोणीच पकडू शकत नाही. तो आपणहून डबीत शिरतो, आत कोलांट्या मारतो, कंटाळा आला की निघून जातो आणि जाताना पकडणाऱ्याची टोपी डबीत ठेवून जातो. बोलतो एकच शब्द, स्वतःचे नाव. भूक लागली तरी मिचकू, भीती वाटली तरी मिचकू, थाप मारायची असली तरी मिचकू. मी बावीस वर्षे एकच शब्द बोलून पोट भरले. माझ्याइतके कमी बोलून इतके कमावणारी बाई दुसरी नसेल.

या कामाची हत्यारे अशी वाटावीत. मोठे हेडफोन कानसेनांना, म्हणजे आमच्या ध्वनिमुद्रकांना. सगळा स्टुडिओ त्यांना याच नावाने हाक मारतो आणि ते ओ देतात. कागद ठेवायचा लाकडी स्टँड नव्या येणाऱ्या बाईला, कोणी का असेना. खोकल्याच्या गोळ्यांची काचेची बरणी नायकाला आवाज देणाऱ्या सद्गृहस्थांना, रिकामी करून. त्यांनी भरलेली पुष्कळ खाल्ली आहे.

कलम ५. माझ्या तपकिरी पर्समध्ये आगपेटीएवढा एक रेकॉर्डर आहे. तो कोणालाही देऊ नये. त्यात चार सेकंदांचे एक हसणे आहे, दुसरे काही नाही. वाढदिवसाला, दुकानात, दवाखान्याच्या रांगेत कोणी मूल मला म्हणाले की मिचकूसारखे हसून दाखवा, तर मी तोंडावर रुमाल धरायचे आणि पर्समध्ये हात घालून बटण दाबायचे. मुले टाळ्या पिटायची. एकदा बॅटरी संपली तेव्हा मी गळ्याची शस्त्रक्रिया झाल्याची थाप मारली. पुढे ती खरीच करावी लागली. डॉक्टर म्हणतात तसा संबंध नसतो.

मी ते हसणे कधी हसलेच नाही. मला ते येत नाही.

कलम ६. यात देण्याघेण्याचे काही नाही, हकीकत आहे. वकीलबाई म्हणतात, हकीकतीला कलम नसते. मी म्हटले, असू द्या.

पहिल्या दिवशी मिचकूचे सगळे बोलणे दुपारपर्यंत उरकले, हसणे मात्र काही केल्या जमेना. मी हसले की प्रौढ बाई हसल्यासारखे वाटे. सोळा वेळा झाले. काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाले, "बाई, हे हसणं नाही, हा खोकला आहे." तेवढ्यात माझी बहीण घराची किल्ली द्यायला आली आणि कानसेनांनी खुणेने तिला आत सोडले. ती माझ्या मागे उभी राहिली. मी जीव खाऊन सतराव्यांदा पुढे वाकले, हेडफोनची तार स्टँडला अडकली, आणि स्टँड, कागद, पाण्याचा पेला आणि मी असे सगळे एकदमच जमिनीवर आलो. बहीण हसली. तिचे हसणे उचकीने सुरू होते, वर चढते, मध्येच मोडते आणि नाकातून परत येते. लहानपणी या हसण्यापायी आम्ही दोघींनी वर्गाबाहेर किती तास काढले त्याची मोजदाद नाही.

दिग्दर्शक त्या वेळी मान खाली घालून कागद चाळत होते. त्यांनी फक्त ऐकले. "जमलं. हेच हवं होतं मला," ते म्हणाले.

बहीण तोवर किल्ली माझ्या हातात कोंबून दुकान उघडायला पळाली होती. तिचे चष्म्याचे दुकान आहे. मी तोंड उघडले. त्या क्षणी खरे सांगायला हवे होते. मी म्हणाले, "धन्यवाद."

कानसेनांनी काचेतून सगळे पाहिले होते. ते मूग गिळून बसले. त्यांना मी दोष देत नाही, माझी नोकरी जाईल अशी त्यांना भीती होती. पुढे बावीस वर्षे प्रत्येक भागात तेच चार सेकंद वापरले गेले.

पहिला भाग आम्ही बहिणीच्या घरी बसून पाहिला. भाची पाच वर्षांची होती. मिचकू हसला, तशी ती म्हणाली, "आई हसली." बहिणीने माझ्याकडे पाहिले. मी भाचीला मांडीवर घेतले आणि म्हणाले, "अगं नाही, मावशी हसली." बहीण उठून चहाचे कप विसळायला गेली.

तिने अकरा वर्षे वाट पाहिली. मग मला एक पुरस्कार मिळाला. समारंभात कोणीतरी विचारले की एवढे गोड हसणे तुम्हाला सापडले कसे. मी सांगितले की बागेतल्या झोपाळ्यासमोर तीन आठवडे बसले, मुलांचे हसणे टिपले, वगैरे. मला ही थाप इतकी पाठ झाली होती की मध्ये डोळ्यांत पाणीसुद्धा आले. बहीण तिसऱ्या रांगेत होती. ती उठली, शेजारच्यांचे पाय चुकवत बाहेर गेली, ती गेलीच. मीही ताठ्यात राहिले. आधी तिने यावे, असे म्हणत अकरा वर्षे काढली. मला त्याची लाज वाटते.

मागच्या महिन्यात मालिकेच्या कंपनीचे पत्र आले. माझा गळा आता परत येणार नाही हे त्यांना कळले होते. माझा बावीस वर्षांचा आवाज यंत्रात घालायचा, म्हणजे माझ्यामागेही मिचकू बोलत राहील, अशी त्यांची योजना. सोबत एक छापील कागद होता. त्यावर लिहिले होते की हा आवाज आणि विशेषतः हे हसणे सर्वस्वी माझे स्वतःचे आहे, आणि खाली सहीची रेघ. बोलताना मी वाटेल ते बोलले आहे. त्या रेघेवर मात्र हात चालेना. मी तो कागद तसाच परत पाठवला आणि हे मृत्युपत्र लिहायला बसले.

कलम ७. या कलमाचा पहिला मजकूर असा होता: "मिचकूचे हसणे, जे माझ्या मालकीचे आहे, ते मी प्रेमपूर्वक माझ्या धाकट्या बहिणीस देत आहे." हे लिहून मला फार बरे वाटले होते. आपण केवढे मोठे मन केले, असे वाटले.

कच्चा मसुदा भाचीने टाइप केला आणि टाइप करता करता आपल्या आईला दाखवला. आज सकाळी वकीलबाई आणि डॉक्टर माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या असताना दार वाजले. दारात बहीण, हातात मसुदा. अकरा वर्षांत केस पांढरे झाले आहेत. तिने चप्पल काढली, खुर्ची ओढली आणि बसली.

"ताई, हे सातवं कलम कोणी लिहिलं?"

"मी." माझा आवाज आता कुजबुजीएवढाच निघतो.

"यात लिहिलंय, माझ्या मालकीचं हसणं मी बहिणीला देते."

"हो. तुलाच देतेय."

"तुझ्या मालकीचं?"

मी तिच्या हातातून मसुदा घेतला आणि ती ओळ पुन्हा वाचली.

"मी काय अकरा वर्षं तू काही देशील म्हणून रुसून बसले होते?" ती म्हणाली. "माझ्या पोरीनं तेव्हा बरोबर ओळखलं होतं, आणि तू तिला खोटं पाडलंस. ते माझं आहे एवढं म्हणायचं होतं तुला. आणि आता म्हणतेस, घे, देते."

डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागल्या. वकीलबाईंनी घसा साफ केला. "त्या म्हणतात ते कायद्यानंही बरोबर आहे," त्या मला म्हणाल्या. "जे आपलं नाही ते मृत्युपत्रात कोणाला देता येत नाही."

मी पेन घेतले आणि ते कलम खोडले. त्या जागी हे लिहिले, आणि हेच ग्राह्य धरावे:

मिचकूचे हसणे माझे नाही. ते पहिल्या दिवसापासून माझ्या धाकट्या बहिणीचे आहे. ते मी तिला देत नाही, कारण ते माझ्याकडे कधी नव्हतेच. माझ्या भाचीने पाचव्या वर्षी खरे सांगितले होते आणि मी खोटे बोलले. या कलमाची प्रत कंपनीला आजच पाठवावी, आणि मालिकेच्या शेवटी जिथे माझा उल्लेख येतो तिथे तिचाही यावा. ते हसणे यंत्राला द्यायचे की नाही हे तिने ठरवायचे आहे. तिने काय ठरवले ते मला सांगायलाच हवे असे नाही, आणि मी विचारणार नाही. मिचकूचे बोलणे मात्र माझे आहे, आणि ते यंत्राला देऊ नये. नवी बाई शोधावी. एक शब्द तीस तऱ्हांनी बोलायला शिकेपर्यंत तिला दोन वर्षे लागतील. लागू द्यावीत.

बहिणीने हे दोनदा वाचले. मग माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेतला, पर्समधून बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढला, सैल झालेली काडी घट्ट केली आणि चष्मा परत माझ्या डोळ्यांवर चढवला. "किती दिवस असा लोंबकळतोय?" एवढेच म्हणाली.

"बरेच," मी म्हणाले.

आता साक्षीदारांची अडचण उरली. या लेखात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई सांगतात. एक सही डॉक्टरांची ठरली होती. दुसरी कानसेनांची ठरली होती, पण त्यांना फोन केला तर ते म्हणाले की सही कोणीही करील, हेडफोन मलाच हवेत.

बहिणीने वकीलबाईंना विचारले, "यात मला काय मिळतंय?"

वकीलबाईंनी पाने मागेपुढे करून पाहिली. "सातवं कलम बदलल्यावर? काहीच नाही."

"मग आणा ते पेन इकडे," बहीण म्हणाली.

वरील सर्व मजकूर मी वाचला, मला तो मान्य आहे, आणि तो माझ्या मर्जीने लिहिला आहे. लेखाची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

सही: मोठी बहीण, मिचकूचे बोलणे

ठिकाण: माझे घर, जेवणाचे टेबल
दिनांक: १४ मार्च, मंगळवार, सकाळी साडेअकरा

साक्षीदार १. सही. व्यवसाय: गळ्याच्या डॉक्टर. "बाई माझ्यासमोर पूर्ण शुद्धीत होत्या. मधे थोडा वेळ रडल्या, पण त्याने शुद्धीला बाध येत नाही."

साक्षीदार २. सही. नाते: धाकटी बहीण. व्यवसाय, तिच्याच अक्षरात: "चष्म्याचं दुकान. आणि मिचकू हसतो, ती मी."