कड्यांचा रस्ता, खाडीचा रस्ता

१२ जानेवारी

कोऱ्या पानांनो! तुमचं आणि माझं दुखणं आता एकच — सांगायला ढीगभर, आणि आवाज नाही!

(सभेची खोड. सुरुवात जमल्याशिवाय पुढे सरकत नाही.)

डॉक्टरांनी आज सांगितलं. घशातली गाठ वाईट आहे. स्वरयंत्र काढावं लागेल — अख्खं. "जीव वाचेल," म्हणाले, जणू मी तेवढंच विचारलं होतं. ऑपरेशन महिनाअखेरीस. तोवर थोडं बोला, हळू बोला. ताणलात तर आहे तो आवाजही आधीच जाईल.

मी! जिनं मासळीच्या कारखान्याच्या फाटकावर लाऊडस्पीकरशिवाय संप उभे केले!

मास्तर शेजारी बसून शर्टाचं बटण पिळत होता. मास्तर म्हणजे माझा नवरा. ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. निम्मं गाव त्याच्याकडे क्लच दाबायला शिकलं, म्हणून सगळ्यांचा मास्तर, माझाही. जिना उतरताना एवढंच म्हणाला, "कुठेतरी जाऊन येऊ या? गाडीनं. समुद्राकडे."

१४ जानेवारी

भांडण. रस्त्यावरून!

मला कड्यांचा रस्ता हवा. खाली लाटा फुटतात, वारा धड उभं राहू देत नाही. तिथं एकदा समुद्राला तोंड देऊन उभं राहायचं आणि शेवटचं भाषण ठोकायचं. आयुष्यभर पुस्तकं वाचली. त्यांतली माणसं अशीच निरोप घेतात — उंचावरून, वाऱ्यात. पुटपुटत नाही कुणी.

मास्तरला खाडीचा रस्ता. सपाट. पाणी हलतसुद्धा नाही. गवत, चिखल, एखादी पालथी होडी.

"तिथं बघायचं काय?" मी.

"बघायचं काही नाही. काचा खाली केल्या तरी ऐकू येतं."

"काय ऐकू येतं?"

"तू."

मग हसत म्हणाला, "घरी येतेस तेव्हा घसा बसलेलाच असतो, बाईसाहेब. गुळण्यांचं पाणी मी गरम करायचं, भाषणं कामगारांनी ऐकायची."

हसत म्हणाला, म्हणून जास्त लागलं.

खाडीचा रस्ता. रविवारी.

१५ जानेवारी

गप्प आहे. आवाज साठवते आहे. रविवारी त्याला काय सांगायचं ते जुळवायला बसले, तर मुद्दे पडायला लागले — एक, दोन, समारोप! नवऱ्याशी बोलायचं आणि समारोप! कागद फाडून टाकला.

१६ जानेवारी

चहा हवा तर बोटानं दाखवते. हाक मारायची तर टेबलावर टिचकी. मास्तर म्हणाला, "स्वतःच्या घरात पाहुण्यासारखी राहू नकोस गं."

१८ जानेवारी

शुक्रवार. काय करून बसले!

सकाळी युनियनची खजिनदार दारात. कंपनी पॅकिंगमधल्या निम्म्या बायकांना काढणार. अटी मानायच्या की लढायचं, संध्याकाळी सभेत ठरणार. "ताई, बोलायचं नाही. नुसतं व्यासपीठावर बसा. तुम्ही दिसलात तरी धीर येतो बायांना."

मास्तरनंच गाडीनं सोडलं.

बसले होते हो! हाताची घडी घालून. मग मॅनेजरच्या मर्जीतला तो सुपरवायझर उठला. "थोडं झुकलं तर बिघडतं कुठे? निम्म्या तरी राहतायत ना!" — आणि खाली माना डोलायला लागल्या. ज्या बायकांची बोटं बर्फात बधिर झालीत, त्याच माना डोलावत होत्या!

उठले. कधी उठले कळलंच नाही. आणि आला — तोच, जुना आवाज! पत्र्याचं छप्पर घुमलं. शेवटच्या वाक्याला नुसती हवा आली. रुमालावर रक्त. पण हात वर झाले, सगळे. एकही बाई मागे हटली नाही.

मास्तर शेवटच्या रांगेत दाराला टेकून उभा होता. गाडीत त्याची माफी मागायची होती. तोंड उघडलं. काही नाही. काहीच नाही.

"ऐकलं मी," तो म्हणाला. नजर रस्त्यावर.

एका माणसाच्या रविवारसाठी साठवलेला आवाज होता तो. सभेला वाटून आले.

१९ जानेवारी

डॉक्टर ओरडले. आवाज आता यायचा नाही. मास्तरनं पाटी आणली, पोरांची असते तशी, लाकडी चौकटीची. मी तिच्यावर लिहिलं, "चुकले." त्यानं वाचलं आणि बाहीनं पुसून टाकलं.

२० जानेवारी

तरी निघालो.

फाट्याला त्यानं गाडी कड्यांच्या बाजूला घातली. "इकडेच जाऊ. लाटांपुढे कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. तू एकटीच गप्प आहेस असं वाटायचं नाही."

शिकवणीची गाडी. माझ्या पायाखालीही ब्रेक आहे. दाबला! गाडी गचका खाऊन बंद. मागच्या ट्रकवाल्यानं आमच्या आईवडिलांची चौकशी केली. मास्तर पोट धरून हसला. मी खाडीकडे बोट केलं.

पाण्याकाठी थांबलो. त्यानं काचा खाली केल्या, सीट मागे सरकवली, डोळे मिटले आणि सवयीनं म्हणाला, "हं, बोल."

मग डोळे उघडलेच नाहीत. पापण्यांखालून पाणी आलं तरी.

खरंच काही ऐकू येत नव्हतं तिथं. गवतसुद्धा नाही.

२१ जानेवारी

काल परतताना पुलावर त्यानं सांगितलं. खजिनदार आधी त्याच्याकडे गेली होती — ताईंना बोलवावं का, विचारायला. "मीच म्हटलं, बोलवा. व्यासपीठावर बसवा. ती काही बसून राहायची नाही." मग वायपरच्या दांडीशी चाळा करत राहिला. "घरात मोजून मोजून पुटपुटत होतीस. तो तुझा आवाज नव्हता, बाईसाहेब. तुझा होता तो मला एकदा ऐकायचा होता. शेवटच्या रांगेतून का होईना."

माझा आवाज, आणि परस्पर ठरवलं यानं! चिडायचं होतं. चिडायलाही आवाज लागतो.

पाटीवर खडू मोडेपर्यंत दाबून लिहिलं: गाडी वळव. परत खाडीवर चल. आता तू बोल.