आमचं एकतिसावं पान

१२ जानेवारी २०२६, झाशी

मसुदा आला. महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या परिषदेचे नवे निकष, एकशे चाळीस पानं. ग्रंथालयाचं प्रकरण सात जणांनी लिहिलंय: सहा प्राध्यापक, एक इंजिनिअर. ग्रंथपाल एकही नाही. स्वयंपाकाचे नियम ठरवायला सगळे बोलावले, चुलीपाशी बसणारी सोडून.

जागा किती, संगणक किती, कपाटं किती — सगळ्याला गुण. कुणी वाचतं का, याला रकाना नाही. मागच्या तपासणीची मंडळी माझ्या ग्रंथालयात चार मिनिटं होती. एकच प्रश्न विचारला. "मैडम, वॉशरूम किधर है?" उत्तर बरोबर दिलं. त्याचेही गुण कॉलेजला मिळाले असतील.

तळटिपा आम्हा ग्रंथपालांशिवाय कुणी वाचत नाही, म्हणून ही सापडली: सूचना २८ फेब्रुवारीपर्यंत पाठवता येतील. एकाच प्रतीवर किमान पाच ग्रंथालयांची सही किंवा शिक्का हवा.

१४ जानेवारी

संक्रांत. वाटीभर तिळगूळ केला. शेजारी मिश्राजींना दिला. "गजक बढ़िया बनी है." दिल्लीला तन्वीला, भाचीला, फोन केला. "मावशी, हिंदी में बोलो ना, ऑफिस में हूँ." आई गेल्यापासून सिविल लाइंसमधल्या या घरात मराठी फक्त या वहीशी. वही उलट बोलत नाही. आधी हा गुण वाटायचा.

१९ जानेवारी

प्राचार्यांना मसुद्याबद्दल सांगितलं.

"मैडम, ये पॉलिसी की बातें हैं. सुझाव डॉक्टर खरे दे देंगे. लाइब्रेरी कमेटी के चेयरमैन वही हैं ना."

डॉक्टर खरे वाणिज्य शिकवतात. २०११ साली नेलेलं एक पुस्तक अजून त्यांच्याकडे आहे. ग्रंथालयाशी त्यांचा संबंध तेवढाच, पण अतूट.

मीच लिहिणार.

२ फेब्रुवारी

झालं. चौपन्न पानं. टाइप केली, स्वतः शिवली, पुठ्ठा चढवला. मागणी एकच: निकष ठरवताना आणि तपासताना ग्रंथपालाला एक खुर्ची द्या. शेवटचं पान सह्यांसाठी, रेघा आखून. प्रत उद्या निघेल. माझं धरून सहा कॉलेजं, हातोहात फिरून परत माझ्याकडे.

तीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं शिवली. हे पहिलंच माझं.

५ फेब्रुवारी

मानिक चौकात रद्दीवाल्याच्या ढिगात आमचं एक पुस्तक दिसलं. शिक्क्याचं पहिलं पान फाडलेलं. "आपकी है, इसका सबूत?" म्हणाला. एकतिसावं पान उघडून तिथला शिक्का दाखवला. पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

जुनी रीत आहे ही. प्रत्येक ग्रंथालयाचं एक गुप्त पान ठरलेलं असतं. बाकी कुठलाही शिक्का चोर फाडेल, हा राहतो. आमचं एकतीस. दुसऱ्याचं कोणतं, हे विचारायचं नसतं, बाईचं वय विचारत नाहीत तसं. पुस्तक घेऊन आले. कुणीतरी आपल्याला ओळखलं, असा त्याचा चेहरा होता. की माझा.

११ फेब्रुवारी

मऊरानीपुरहून प्रांजलीचा फोन. तिथली ग्रंथपाल, कंत्राटावर, दरवर्षी जूनमध्ये धाकधूक.

"दीदी, हमारे सर ने कह दिया, कहीं साइन किया तो अगले साल देख लेना."

"अच्छा."

"आप नाराज़ हो?"

"नहीं बेटा. किताब आगे भेज दो."

नाराज नाही. खरंच नाही. पण चहा तसाच गार झाला.

१७ फेब्रुवारी

गुरसरायचे रमाकांतजी. घराणं तिथल्या मराठा जहागिरीच्या काळातलं, मराठी आता फक्त संबोधनापुरती.

"ताई, मराठी समजते, बोलायला... अब छोड़िए. दो साल बचे हैं रिटायरमेंट के. दस्तखत मत माँगिए."

"माँग कौन रहा है? रेघा ओढल्यात, बस."

हसले. मग म्हणाले, "किताब पूरी देखी है हमने. पन्ना-पन्ना. बहुत सही लिखा आपने."

खूप छान. देशातलं सर्वांत कौतुक झालेलं बिनसहीचं पुस्तक.

२४ फेब्रुवारी

बसच्या कंडक्टरने प्रत आणून दिली. कॉलेजच्या फाटकातच उघडली, थेट शेवटचं पान.

कोरं. एकही सही नाही.

डॉक्टर खरे जात होते. "अरे, किताब लिख डाली आपने? एक कॉपी हमें भी." म्हटलं, आधीचं परत करा.

२५ फेब्रुवारी

रजा घेतली. दिवसभरात फक्त दूधवाल्याशी बोलले. "आधा लीटर."

२६ फेब्रुवारी

सगळ्यांवर चिडून झालं. मग स्वतःवर. प्रांजलीला नोकरी, रमाकांतजींना पेन्शन. मला गमावण्यासारखं काही नाही, म्हणून मी शूर. हे शौर्य नव्हे, रिकामं घर आहे.

२७ फेब्रुवारी

सहीशिवाय पाठवता येत नाही, फेकवत नाही. मग जे येतं ते केलं: दाखल नोंदवहीत पुस्तकाची नोंद केली, क्रमांक दिला, पाठीवर लेबल चिकटवलं. पहिल्या पानावर शिक्का मारला. मग एकतिसाव्यासाठी पानं उलटत निघाले.

सातव्या पानावर शिक्का होता. माझा नव्हे.

सतराव्यावर गुरसराय, खाली कोपऱ्यात, सरळ, जुन्या माणसाचा हात. एकोणिसाव्यावर मऊरानीपुर, जरा पुसट, घाईत मारलेला. मग बसूनच घेतलं. बेचाळीस. अठ्ठेचाळीस.

कुणी कुणाला सांगितलेलं नाही. ज्याने त्याने आपल्या खोलीत दार लोटून आपलं गुप्त पान उघडलं. आणि मी, तीस वर्षांची ग्रंथपाल, डॉक्टर खऱ्यांसारखी शेवटचं पान बघून मोकळी झाले.

पाच. माझा एकतिसाव्यावर मारला. सहा.

नोंदवहीतली नोंद खोडली नाही. शेरा लिहिला: 'बाहेर दिले.'

२८ फेब्रुवारी

दहा वाजून पाच मिनिटं, हेड पोस्ट ऑफिस. पाकीट गेलं. बाहेर येऊन रमाकांतजींना फोन लावला. म्हटलं, मराठीत बोला, चुकलं तरी चालेल, मला वेळ आहे.