राखेला संदर्भ नाही

आप्पा,

वयाच्या एकावन्नाव्या वर्षी मी नापास झालो आहे आणि त्याला सर्वस्वी तुम्ही कारणीभूत आहात. हे विधान सप्रमाण सिद्ध करण्यास मी तयार आहे. हल्ली मी प्रमाणाशिवाय चहासुद्धा मागत नाही. निपाणीच्या महाविद्यालयात सव्वीस वर्षे अध्यापन केल्यावर मला विद्यावाचस्पती, म्हणजे पीएच.डी., होण्याची दुर्बुद्धी झाली. विषय आंतरविद्याशाखीय मानव्यविद्या, म्हणजे इतिहास, समाजशास्त्र आणि साहित्य यांच्या हद्दीवर उभे राहून तिन्ही गावांत परके ठरणे. आपल्या सीमाभागातल्या माणसाला याचा जन्मजात सराव असतो. प्रबंधाला हात घालण्यापूर्वी पात्रता परीक्षा द्यावी लागते. ग्रंथांच्या तीन याद्या, त्यांवर एक लेखी, एक तोंडी. संधी दोनच. पहिली गेली. दुसरी सोमवारी आहे, आणि तीही गेली की मामला कायमचा समाप्त.

तिसरी यादी हस्तव्यवसायांची. तिच्यात एक शोधनिबंध आहे आणि त्या निबंधात तुम्ही आहात. नाव नाही, नुसते 'वडगावातील एक अनुभवी विणकर'. आयुष्यभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला माणूस अखेर तळटीपेत जाऊन बसला, याचा मला अभिमान वाटला असता. परंतु निबंध म्हणतो की मागावरचा जुना ताणा, म्हणजे उभी सुते, संपत आला की हे विणकर नव्या ताण्याचे प्रत्येक सूत जुन्या सुताला गाठ मारून जोडतात. गाठ मारली तर ती फणीत अडकते आणि सूत तुटते, हे आपल्या गल्लीतल्या शेळ्यांनाही अवगत होते. तुम्ही चुलीतली राख बोटांना लावता, दोन टोके एकमेकांत पिळता, पुढचे सूत उचलता. सबंध दुपार, हजारो सुते, एकही गाठ नाही. म्हणून लेखी परीक्षेत मी राख लिहिली. तोंडीला परीक्षक समोर आले, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आणि असह्य नम्र.

"सर, राखेला संदर्भ?"

"माझे वडील."

"त्यांचं काही प्रकाशित आहे का?"

नाही, आप्पा. तुम्ही अप्रकाशित आहात.

आता मूळ अपराधाकडे येतो. तो निबंध लिहिणारी संशोधक बाई लांबून आली होती, वही घेऊन. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, नव्या पॅन्टीत, दाराशी. तिने तुम्हाला विचारले, तुम्ही काय करता आहात? मान वर न करता तुम्ही म्हणालात, "मला काय इचारताय बाई, आमच्या पोराला इचारा. त्यो शिकलाय." ज्या पोराला तुम्ही मागाजवळ फिरकू दिले नाहीत तो हा. "लांब हो. शाईचं हात लुगड्याला लागतील," हे तुमचे एकमेव अध्यापन. अज्ञानाची अशी काटेकोर तजवीज करून तुम्ही मला तज्ज्ञ म्हणून सादर केलेत. तुमची बोटे काळी होती. मला त्या राखेची लाज वाटली. मी अत्यंत शुद्ध भाषेत म्हणालो, "येथे ग्रंथिबंधनाची पद्धत आहे. प्रत्येक सुताला गाठ." बाईने लिहून घेतले. तुमचा हात क्षणभर थांबला. मग पुढचे सूत उचललेत.

का? चप्पल वाकडी काढली म्हणून चार माणसांत माझी शोभा करणारे तुम्ही. त्या एकाच दिवशी तुम्हाला सौजन्याचा साक्षात्कार व्हावा? "गाठ न्हाय बाई, राख," एवढे चार शब्द, आणि एक विद्याशाखा शुद्ध राहिली असती. मी संतापाने हे मोठ्याने वाचतो आहे असे दिसते, कारण स्वयंपाकघरातून तुमच्या सूनबाई म्हणतात, "अहो, गेलेल्या माणसाशी किती भांडायचं? जेवून घ्या, मग भांडा. आणि देवापुढच्या उदबत्तीची राख कुणी नेली?"

मी नेली. घरात चूल उरलेली नाही. शर्टाच्या शिवणीतून सूत उसवले, दोन टोके घेतली, पिळली. ओढले की निसटतात. सातव्यांदा निसटली तेव्हा मी हे पत्र लिहायला बसलो.

ते न धाडता ठेवायचे आहे, म्हणून उरलेलेही लिहितो. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला तुमची सायकल दिलीत. ती तुम्ही कुणालाही देत नसा. म्हणालात, "त्या बाई टेसनाजवळच्या लॉजवर हायत. जा, खरं काय त्ये सांगून ये. मी बोललो असतो तर लोकांम्होरं तुझं शिक्षण उघडं पडलं असतं रं." मी रेल्वे फाटकापर्यंत गेलो. फाटक बंद होते. गाडी गेली, फाटक उघडले, आणि मी सायकल वळवली.

"सांगितलंस?"

"व्हय."

तुम्ही मान हलवलीत आणि राखेत बोटे बुडवलीत. पुन्हा कधी विचारले नाहीत.

सोमवारी मी राखच सांगणार. ते गाठीच्या निबंधाकडे बोट दाखवतील, आणि त्या गाठीचा मूळ संदर्भ मी आहे, हे मला त्या नम्र गृहस्थांच्या तोंडावर सांगावे लागेल. सकाळपासून ते वाक्य म्हणून पाहतो आहे. धड बाहेर पडत नाही. तुम्हाला कारणीभूत ठरवणारे या पत्राचे पहिले वाक्यही खोडायला हवे. अजून खोडलेले नाही.